मदत हवी आहे: 6 मिमी थ्रीडी विणीच्या कंपोझिटची आंतरथर कातर ताकद कशी मोजावी?

फोंड्यात एम.ई.चा प्रकल्प चालू आहे, त्यात थर एकमेकांवरून घसरून सुटायला किती ताण लागतो (आंतरथर कातर ताकद) ते मोजायचं आहे. ऑर्थोगोनल थ्रीडी विणीचं काचतंतूंचं कापड (आडव्या-उभ्या थरांतून जाडीच्या दिशेने झेड धागे ओवलेले), इपॉक्सी रेझिन, व्हॅक्यूम इन्फ्युजन (निर्वाताने रेझिन कापडात ओढणं). एएसटीएम डी2344 या मानकाप्रमाणे शॉर्ट बीम चाचणी (आखूड पट्टी दोन आधारांवर ठेवून वरून रोलरने दाबणं) केली, स्पॅन म्हणजे आधारांतलं अंतर 24 मिमी. साध्या थरांचा नमुना टक्क आवाज करून कडेने मधोमध चिरला. थ्रीडीचा चिरतच नाही! झेड धागे थर धरून ठेवतात, वरच्या रोलरखाली खळगा पडतो आणि लोड हळूहळू चढत राहतो. म्हणजे आलेला आकडा कातर ताकदीचा नव्हेच.

जाड रोलर लावून पाहिला, फरक नाही. दमटपणाचाही संशय नको (जुलैत इथे कागदसुद्धा ओला लागतो), म्हणून नमुने ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवले होते.

दुसरं मानक, व्ही-खाचेच्या नमुन्याचं डी5379, त्यासाठी जाडीच्या दिशेने सुमारे 20 मिमी लागतात. जाडी भरून काढायला प्लेटी चिकटवल्या तर आधी गोंदच सुटायचा. उरली डी3846, दोन खाचांची (पट्टीच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक खाच, टोकांकडून दाब). जाडी त्यात बसते, यूटीएम (ताण-दाब चाचणी यंत्र) 50 किलोन्यूटनचं आहे, जिग वर्कशॉपमधून करून घेईन. पण खाचांमधलं अंतर जेमतेम 6.4 मिमी, आणि माझ्या विणीचा एकक साचा (पुन्हा पुन्हा येणारा विणीचा तुकडा) 10 मिमीचा. शिवाय खाच पाडताना तिथले झेड धागे तुटणार.

हे अंतर 10 मिमी केलं तर निकाल ग्राह्य धरता येईल का, की आधी दाबाने नमुनाच चुरडेल?