पाळीव कुत्रा चावला, मालक दाद देत नाहीत. सांगलीत तक्रार कुठे करायची?

वळसा_विश्रामबाग:
नमस्कार मंडळी. हा भटक्या कुत्र्यांचा धागा नाही, आधीच सांगतो. नाहीतर पहिल्या चार प्रतिसादांत 'डॉग व्हॅन बोलवा' येईल.

आमच्या गल्लीत एका घरी रॉटवायलर आहे. गेट जुनं, लोखंडी. कडी खोबणीत नीट बसत नाही. कुत्र्यानं खांदा लावला की फट पडते आणि स्वारी रस्त्यावर. गेल्या आठवड्यात आई दूध घेऊन येत होती, तिची पोटरी धरली. दोन दात खोल गेलेत. घरी साबण लावून नळाखाली धुतलं, मग सरकारी दवाखान्यात. रक्त आलं होतं म्हणून रेबीजच्या लशीबरोबर जखमेत सिरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं. आई बरी आहे, पण दुधाला आता मागच्या रस्त्यानं जाते.

याआधी पेपर टाकणाऱ्या पोरावर आणि गॅसवाल्यावरही धावून गेलाय. मालक वडिलांच्या वयाचे, मी काकाच म्हणतो. सांगायला गेलो तर म्हणाले, "अरे तो खेळायला येतोय, तुम्ही पळता म्हणून धरतोय." लस दिलीय म्हणतात; पुस्तक मागितलं की ते 'डॉक्टरांकडं' असतं.

गल्लीतल्या एकानं बिस्किटातनं काहीतरी घालायचा सल्ला दिला. तसलं काही मला करायचं नाही. गेट दुरुस्त व्हावं, बाहेर काढताना पट्टा आणि तोंडाला जाळी असावी, आणि हे त्यांना कुणीतरी लेखी बजवावं, एवढंच पाहिजे. महापालिकेत अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा? पोलीस अशी तक्रार घेतात का? केंद्रानं या जातीवर बंदी घातली होती ना, ती धरून भांडता येईल का?

भडंग_स्पेशल:
बिस्किटवाल्या शेजाऱ्याला सांगा, जनावराला विष घातलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. काका सुटतील आणि तो अडकेल.

मिरजेचा_वकील:
बंदीचा मुद्दा सोडा. ते मार्च 2024 चं केंद्राचं परिपत्रक. 23 जाती होत्या, रॉटवायलर त्यात होता. पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. जातीवरून भांडायला गेलात तर काकांचा वकील पहिल्याच तारखेला हे काढेल.

तुमची बाजू भक्कम आहे ती मालकाच्या हलगर्जीपणावर. भारतीय न्याय संहिता, कलम 291: ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, त्यामुळे 'आपसात मिटवा' म्हणाले तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. केसपेपर, जखमेचे फोटो आणि त्या कडीचाही फोटो जोडा. कडी ही तुमची खरी साक्षीदार. 'खेळायला येतोय' हे वाक्य जसंच्या तसं लिहा. कुत्रा बाहेर पडतो हे त्यांना माहीत होतं, हे त्यांच्याच तोंडून आलंय.

आणि एक रस्ता लोक विसरतात: प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, जुन्या सीआरपीसीतलं (फौजदारी प्रक्रिया संहिता) 133. धोकादायक जनावर बंदिस्त ठेवा, असा सशर्त आदेश प्रांत मालकाला देऊ शकतात. तुम्हाला हवा तो लेखी कागद तिथं मिळेल. मात्र हे कलम सार्वजनिक उपद्रवाचं आहे. एकट्याची सही म्हणजे शेजाऱ्याचं भांडण. पेपरवाला, गॅसवाला, गल्लीतली चार घरं, सगळ्यांच्या सह्या घ्या.

जतकर:
वकीलसाहेब जातीबद्दल बरोबर बोलले. आमच्याकडं कारवानी ही शिकारी जातीची कुत्री घरोघरी, पोरं त्यांच्या अंगावर लोळतात. आणि चावायचं तर पामेरियनही चावतं.

एडिंबरातून:
स्कॉटलंडमध्ये 2010 च्या कायद्यानं हे काम स्थानिक कौन्सिलकडं दिलंय. कुत्रा कुठल्या का जातीचा असेना, ताब्यात ठेवला नाही तर कौन्सिलचा अधिकारी मालकाच्या नावानं नोटीस काढतो: पट्टा लावा, जाळी घाला, प्रशिक्षण द्या. नोटीस मोडली तर गुन्हा. तिकडं तो कायदा नाही, पण अर्जात मागण्या अशाच सुट्या सुट्या लिहा. 'योग्य ती कारवाई व्हावी' लिहिलंत की फाईल झोपली.

मिरजेचा_वकील:
सहमत. महापालिकेचा अर्ज आयुक्तांच्या नावानं द्या, प्रत आरोग्य विभागाला, आवकचा शिक्का घ्या. सोबत माहिती अधिकारात विचारा की या पत्त्यावर कुत्र्याची नोंद किंवा परवाना आहे का. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. महापालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवायची तरतूदसुद्धा आहे, बरं का! घरपट्टीच्या नादात तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

सिस्टर_ताई:
कायदा होईल सावकाश. कुत्रा चावल्यापासून दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत आहे ना, यावर लक्ष ठेवा. त्यात तो सुस्त झाला, लाळ गाळायला लागला किंवा मेला तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि तो बरा दिसला तरी आईंची 28 व्या दिवसाची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नका. बरं वाटलं की लोक तीच सोडतात.

वळसा_विश्रामबाग:
ताई, कुत्रा धडधाकट आहे, सकाळीच भुंकला माझ्यावर. कडीचा फोटो काढला. पेपरवाला सही द्यायला तयार आहे. गॅसवाला म्हणतो, काका गिऱ्हाईक आहेत, नको. वकीलसाहेब, त्याच्या सहीऐवजी अर्जात नुसता उल्लेख केला तर चालेल का? आणि प्रांतांकडं आधी जायचं की पोलिसांची पोच हातात आल्यावर?