एकाच बादलीतले १५डब्ल्यू-४० ऑइल जुन्या डिझेल गाडीला, नव्या डिझेल गाडीला आणि ट्रॅक्टरला चालेल का?

मांडवदार, तासगाव (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी दोन डिझेल गाड्या आणि एक ट्रॅक्टर आहे. माझी गाडी २०१७ सालची, १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाची, बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा) असून तिचे १ लाख १५ हजार किलोमीटर झाले आहेत. धाकट्या भावाची गाडी २०२१ सालची, बीएस-६ आहे. तो शिक्षक असून शाळा घरापासून पाच किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्याची गाडी रोज तेवढीच जाते आणि येते. माझी गाडी रोज बागेच्या कच्च्या रस्त्याने फिरते आणि द्राक्षांच्या हंगामात महिन्यातून दोनदा वाशी मार्केटपर्यंत जाते.

ट्रॅक्टरसाठी आम्ही १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस (डिझेल इंजिनाच्या ऑइलची एक अमेरिकन प्रत) प्रतीच्या ऑइलची २० लिटरची बादली आणतो. आमच्या नेहमीच्या फिटरचे म्हणणे असे की डिझेल इंजिन ते डिझेल इंजिन, हेच ऑइल दोन्ही गाड्यांत टाकले तर वर्षाचे बरेच पैसे वाचतील. भावाच्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० आणि एसीईए (युरोपातील वाहन उत्पादकांची संघटना) हिच्या प्रतींपैकी सी२ किंवा सी३ असे छापलेले आहे. त्याच्या गाडीची डिपस्टिक पाहिली, तर सर्व्हिसिंगनंतर चार महिन्यांत ऑइल कमी होण्याऐवजी थोडे वाढलेलेच दिसते. फिटर म्हणतो की हे चांगले लक्षण आहे, गाडी ऑइल पीत नाही.

फिल्टरबद्दलही सांगावे. ऑइल फिल्टर दर वेळी बदलतो, पण डिझेल फिल्टर महाग असल्याने दोन सर्व्हिसिंगनंतर एकदा बदलावा असा विचार आहे. डिझेल आम्ही बहुधा शेतावरच्या बॅरलमधूनच भरतो, कारण ट्रॅक्टर आणि ब्लोअरसाठी ते आणलेलेच असते.

रेंचपाना, सातारा

आपल्या फिटरचा सल्ला ट्रॅक्टरपुरता बरोबर आहे, भावाच्या गाडीसाठी मात्र तो घातक आहे. म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सच्छिद्र जाळी आली. अडकलेली काजळी गाडी स्वतःच ६०० अंशांच्या आसपास तापमान करून जाळून टाकते, पण इंजिनात जळणाऱ्या ऑइलमधील धातूंची राख काही केल्या जळत नाही आणि ती त्या जाळीत कायमची साठत जाते. म्हणूनच एसीईएच्या ‘सी’ वर्गातील ऑइलमध्ये राखेचे प्रमाण बांधून दिलेले आहे. सी२ आणि सी३ या दोन्हींसाठी ही मर्यादा ०.८ टक्के आहे. सीआय-४ प्रतीच्या ऑइलमध्ये राख साधारणपणे १ टक्क्याच्या वरच असते. समजा गाडीने १० हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाळले. लिटरभर ऑइलचे वजन ८५० ग्रॅमच्या आसपास धरा. राख १.४ टक्के असेल तर त्या एका लिटरमागे १२ ग्रॅम राख तयार होईल, ०.८ टक्के असेल तर ७ ग्रॅम. १ लाख किलोमीटरनंतर हा फरक १२० ग्रॅम आणि ७० ग्रॅम असा होतो, आणि नवी जाळी बसवण्याचा खर्च ऑइलच्या कित्येक कॅनच्या किमतीएवढा असतो.

आता डिपस्टिकवर वाढलेली पातळी. यातून गाडी ऑइल पीत नाही एवढाच अर्थ काढू नये, कारण वाढ झाली आहे ती बहुधा डिझेलची आहे. जाळी स्वच्छ करताना इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचे डिझेल फवारते, जेणेकरून सायलेन्सरच्या मार्गात उष्णता वाढावी. पाच किलोमीटरवर गाडी बंद झाली की ही क्रिया अर्धवट राहते, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होते, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे न जळलेले डिझेल दर वेळी ओघळून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, बेअरिंगवरचा त्याचा थर कमकुवत होतो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच पुढे गेली, तर तेच मिश्रण इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून (आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) सिलिंडरमध्ये ओढले जाऊन किल्ली बंद केल्यावरही इंजिन बेफाम चालत राहण्याचा धोका असतो. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा, टोकावरचा थेंब बोटांत चोळा आणि वास घ्या. डिझेलचा वास स्पष्ट येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ऑइल बदलून घ्या. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी भावाने गाडी सांगलीच्या रस्त्याला काढून २०-२५ मिनिटे, ताशी ६० किलोमीटरच्या वर, एकसारखी चालवावी आणि मध्येच बंद करू नये.

घाटवाट, पुणे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो, कारण दुकानात बहुतेक जण ५डब्ल्यू-३० एवढेच पाहून कॅन उचलतात. तो आकडा फक्त घट्टपणा सांगतो, ऑइलची जात सांगत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा आहे, नंतरचा तापलेल्या अवस्थेतल्या घट्टपणाचा. एकाच ५डब्ल्यू-३० आकड्याखाली सी२ आणि सी३ अशी दोन वेगळी ऑइले मिळतात. १५० अंशांना जोराच्या घर्षणाखाली टिकणाऱ्या घट्टपणाची किमान मर्यादा सी२ साठी २.९ आणि सी३ साठी ३.५ (मिलिपास्कल-सेकंद या एककात) आहे, म्हणजे सी३ चा थर जास्त जाड टिकतो. पुस्तिका दोन्हींना परवानगी देत असेल आणि गाडी भरल्या डिकीने खंबाटकीसारखा घाट चढत असेल, तर मी सी३ घेईन. कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते, तेच वाचून घ्यावे. पुढच्या बाजूची चित्रे आणि ‘फुली सिंथेटिक’ ही मोठी अक्षरे त्यानंतर पाहावीत.

आपल्या २०१७ च्या गाडीला डीपीएफ नाही, त्यामुळे राखेचा प्रश्न येत नाही आणि एसीईएच्याच ए३/बी४ या जास्त राखेच्या प्रतीचे ऑइलही चालू शकते. तरीही बादलीतले १५डब्ल्यू-४० टाकण्याची घाई करू नका. रांजणगावच्या कारखान्यातही बनलेल्या या १.३ इंजिनात टायमिंगचा पट्टा नसून चेन असते आणि तिचा ताण ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या टेन्शनरने राखला जातो. सकाळी इंजिन सुरू होताच ऑइल तिथपर्यंत आणि टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) किती लवकर पोहोचते, यावर चेनचे आयुष्य अवलंबून असते. तासगावात पारा शून्याखाली जात नाही हे खरे, पण डिसेंबरच्या पहाटे १५डब्ल्यू हे ५डब्ल्यूपेक्षा जाड असतेच, आणि छोटा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावते, म्हणजे दोन्ही प्रतींच्या किमतीतला फरक वर्षातून एकदाच आणि तोही तीन लिटरपुरताच पडतो. ऑइल बदलल्यावर हजार किलोमीटरच्या आत काळे दिसले म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी पोटात धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे.

रेंचपाना, सातारा

आता फिल्टर. आपण प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत जाता जाता बॅरलचा उल्लेख केला आहे, पण सगळ्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

या गाड्यांमध्ये डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो, आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) आतील भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. हाय प्रेशर पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी शिरले की तो थर तुटतो, धातू धातूला घासतो आणि त्याचा कीस पुढे इंजेक्टरपर्यंत जातो. जुना ट्रॅक्टर जे पाणी सहन करतो, ते ही गाडी करू शकत नाही. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते, रात्री बॅरल गार झाले की आतली हवा आक्रसते आणि तेच पाणी बुचाच्या आट्यांमधून आत ओढले जाते. म्हणून गाड्यांना पंपावरचेच डिझेल भरा. बॅरलमधून घेण्याची वेळ आलीच, तर बॅरल शेडखाली ठेवा आणि उपसायची नळी तळापासून वीतभर वर राहील असे पाहा.

डिझेल फिल्टरबाबत काटकसर नको. पुस्तिकेतील मुदत ही वरची मर्यादा समजा आणि बॅरलचे डिझेल चालू असेल तर दर सर्व्हिसिंगला बदला. काढलेल्या फिल्टरमधले डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर स्थिर ठेवा. मी एकदा असे ठेवले, तेव्हा तळाशी बोटाच्या पेराएवढा पाण्याचा थर आणि त्यावर तांबूस गाळ स्पष्ट दिसला होता, आणि त्या गाडीची तक्रार फक्त सकाळी उशिरा स्टार्ट होण्याची होती. फिल्टरच्या तळाला ड्रेन स्क्रू असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाणी काढा. नवा फिल्टर बसवल्यावर हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) हवा काढावी. इंजिन चालू असताना इंजेक्टरचे पाइप ढिले करू देऊ नका, त्या दाबाची धार कातडीतून आत जाते.

आपल्या इंजिनात ऑइल फिल्टर डब्याचा नसून कागदी काडतुसाचा आहे, त्यामुळे त्याच्या टोपणाची ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा घाला. एका गॅरेजमध्ये माझ्याच गाडीला जुनीच ओ-रिंग बसवली गेली आणि तीन दिवसांत इंजिनची खालची बाजू ऑइलने भिजली. स्वस्त काडतुसाच्या घड्या एकमेकींना चिकटतात. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल बेअरिंगला जाते.

एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कागद फाटतो आणि फाटलेले डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नाही असे समजावे. आपल्या कच्च्या रस्त्यावर ही तपासणी दर तीन महिन्यांनी करा.

मांडवदार, तासगाव

आपण दोघांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी गाडी सपाट जागेवर, थंड असताना भावाची डिपस्टिक पुन्हा पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या करंगळीभर वर आहे आणि डिझेलचा वास घरातल्या सगळ्यांना आला. उद्याच सी३ प्रतीचे ऑइल आणि फिल्टर बदलून घेत आहोत. माझ्या गाडीच्या डिझेल फिल्टरमधून सुमारे अर्धा कप पाणी निघाले. बादली ट्रॅक्टरसाठीच राहील.

एक शेवटची शंका आहे. निघालेले जळके ऑइल आम्ही वाळवी लागू नये म्हणून मांडवाच्या लाकडी डांबांना लावत आलो आहोत. भावाच्या गाडीचे लावले तर चालेल का?

घाटवाट, पुणे

कुठल्याच गाडीचे लावू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि काजळी असते. डांबावरून ते पावसाबरोबर मुळांपर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत जाते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, परवानाधारक संकलकाला ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्येच जमा करा. भावाच्या गाडीच्या ऑइलमध्ये डिझेल मिसळलेले आहे, तेव्हा तो कॅन घरात किंवा चुलीजवळ मुळीच ठेवू नका.