विद्यापीठवाल्यांनी वस्तीत येऊन काम करावं का? माझं मत : करा, पण प्रश्न आणि पैसे दोन्ही तुमच्याच हातात ठेवून नको

ओली_भिंत
थेट मुद्द्यावर येतो. आरोग्य आणि घरं या विषयावर प्राध्यापक आणि विद्यार्थी वस्त्यांसोबत मिळून काम करतात त्याचं सगळीकडे कौतुक चालू असतं, फोटो येतात, सर्टिफिकेटं वाटली जातात, आणि मला तो बऱ्याच वेळा एकतर्फी व्यवहार वाटतो. कशाचा अभ्यास करायचा ते कोण ठरवणार, ते. ग्रँट कोणाच्या खात्यात, त्यांच्या. डेटा कोणाकडे, त्यांच्याकडेच. आपण फक्त सही करायची आणि चहापाण्याचं बघायचं.

मी भाड्याच्या खोलीत राहतो. कपाटामागच्या भिंतीला ओल आहे, वर काळी बुरशी, पुसली की परत येते. सर्व्हेला आलेल्या मुलीने टॅबवर बघून विचारलं, दिवसातून किती तास खिडकी उघडी ठेवता? आता ती खिडकी घरमालकाने बाहेरून खिळे ठोकून बंद केलीय. पण तिच्या यादीत ‘खिडकी उघडतच नाही’ असा पर्यायच नव्हता, तिने बिचारीने सगळ्यात कमी तासांवर टिक केलं. म्हणजे उद्या कुठल्यातरी तक्त्यात असं दिसणार की या लोकांना हवा खेळती ठेवायची सवय नाही, मग आम्हाला खिडक्या उघडण्याचे फायदे सांगणारं पोस्टर मिळणार. पोरगी चांगली होती हो, तिचा काय दोष, पण प्रश्न बनवताना एखादा भाडेकरू समोर बसवला असता तर हे झालंच नसतं.

आणि हे किती लांब जाऊ शकतं ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात दिसलं. १९९० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्सशी जोडलेल्या केनेडी क्रिगर इन्स्टिट्यूटने जुन्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. जुन्या रंगात शिसं असतं, पोपडे निघतात, धूळ होते, ती लहान मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूवर परिणाम होतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, अमेरिकेत घरासाठी तसा रंग १९७८ लाच बंद झालेला. तरी अभ्यास असा की वेगवेगळ्या घरांत कमी-जास्त खर्चाची दुरुस्ती करायची, लहान मुलं असलेली कुटुंबं तिथे राहणार, आणि मुलांच्या रक्तातलं शिसं मोजत राहायचं. दोन कुटुंबं कोर्टात गेली. २००१ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च कोर्टाने असे ताशेरे मारले की थेट टस्कीगीची तुलना केली, तेच ते, जिथे सरकारी डॉक्टर काळ्या लोकांचा सिफिलिस औषध असून न देता नुसता बघत बसले होते १९७२ पर्यंत.

बोला आता.

खडू_फळा
मी शिकवते, आणि अशा दोन-तीन प्रकल्पांत काम करते, त्यामुळे माझं म्हणणं एका बाजूचं आहे असं आधीच धरून चाला.

बाल्टिमोरची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. शिसं पूर्ण काढायचा खर्च इतका होता की घरमालक घर सोडून द्यायचे किंवा काहीच करायचे नाहीत, म्हणून कमी खर्चात काय चालतं ते शोधायचं होतं, आणि ती घरं दुरुस्त न केलेल्या घरांपेक्षा बरीच होती असं त्यांच्या बाजूने बोलणारे आजही म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण घरात धूळ वाढली तर आईला लगेच कळवायला हवं, तिथे माफी नाही. पण ‘मोजूच नका’ हा त्यावरचा इलाज होत नाही.

तुम्ही बाल्टिमोर आणलंत तर मी न्यूझीलंड आणते. ओटागो विद्यापीठाच्या फिलिपा हाउडेन-चॅपमन आणि त्यांच्या टीमने कमी उत्पन्नाच्या ७ वस्त्यांतली १३५० घरं घेतली, घरात कोणालातरी छातीचा त्रास असलेली. चिठ्ठी टाकून निम्म्या घरांना आधी इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारं अस्तर, बसवलं, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. स्थानिक संस्था बरोबर होत्या. २००७ ला निकाल छापून आला : घरं कोरडी आणि थोडी उबदार झाली, छातीत घरघर कमी, शाळेचे आणि कामाचे खाडे कमी. पुढे २०१९ मध्ये तिथे भाड्याच्या घरांना गरम ठेवणं, हवा खेळणं, ओल याचे नियम लागू व्हायला लागले, त्यामागे असल्या पुराव्याचं वजन होतं. बुरशीने खोकला होतो हे तुमची आजीपण सांगेल, पण घरमालकांची संघटना आजीचं ऐकून पैसे काढत नाही.

ओली_भिंत
मॅडम, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की. तिथे सगळ्यांच्या घरात काहीतरी बसलं, मागच्या निम्म्यांनासुद्धा. आमच्याकडे भिंत होती तशी आहे आणि पेपर मात्र छापून आला. माझी अट एवढीच आहे.

शेवटचं_वर्ष
दादा मी तुमच्या त्या टॅबवाल्या मुलीसारखीच एक आहे, दुसऱ्या कुठल्या वस्तीतली. एक सांगू का, प्रश्नावली आमच्या हातात आली तेव्हाच फायनल होती, एथिक्स कमिटीने पास केलेली, त्यातला एक शब्द बदलायचा तर परत अर्ज, परत थांबा, तोवर सेमिस्टर संपतं. खिळे ठोकलेली खिडकी मलाही दिसली असती तर मी ‘इतर’ मध्ये लिहिलं असतं पण ‘इतर’ कोण वाचतंय. आम्हाला मार्क मिळतात हे खरंय, नाकारत नाही. पण तिथे जाऊन मला जे कळलं ते वर्गात कळलं नसतं, आणि आम्ही गेलो नाही तर तुमच्याकडे दुसरं कोण येतं तेही सांगा.

सरळ_हिशोब
दोन्ही बाजूंनी भावना खूप झाल्या. माझा प्रश्न साधा आहे, हे विद्यापीठाचं काम आहे का? गळकं छप्पर, तुंबलेलं गटार, खोलीत सहा-सहा माणसं, हे नगरपालिकेचं आणि गृहनिर्माण खात्याचं काम. तिथे फुकटात राबणारी पोरं मिळाली की साहेब लोक निवांत. आणि ‘लोकसहभाग’ म्हणाल तर शेरी आर्नस्टीन बाईंनी १९६९ मध्येच त्याची आठ पायऱ्यांची शिडी मांडून ठेवलीय, खालच्या पायरीवर लोकांना नुसतं गुंडाळणं आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात कारभार. बहुतेक प्रकल्प मधे कुठेतरी ‘तुमचं मत कळवा’ वर अडकलेले असतात, आणि अहवालात मात्र वरची पायरी लिहितात.

शिवाय दोन शिफ्ट करणाऱ्या माणसाला संध्याकाळी मीटिंगला बसवून कारभार तूच कर म्हणणं हापण छळच आहे. त्याला नळाला पाणी पाहिजे, सहभाग नकोय.

रात्रपाळी
मी नर्स आहे. हिशोबवाले भाऊ, ‘विद्यापीठाचं काम नाही’ हे ऐकलं की मला माउंड बायू आठवतं. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला अत्यंत गरीब कापूस-पट्टा, १९६० चं दशक, टफ्ट्स विद्यापीठाच्या मदतीने जॅक गायगर नावाच्या डॉक्टरने तिथे आरोग्य केंद्र उभं केलं. मुलं उपाशी यायची, तर तिथले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क दूध, भाज्या, मांस लिहून द्यायचे, दुकानदार माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधाच्या पैशातून. सरकारी माणूस चौकशीला आला की हे काय चाललंय. गायगर यांचं उत्तर असं होतं की आमच्या पुस्तकात कुपोषणावरचा उपाय अन्न असाच दिलाय. विहिरी खणल्या, संडास बांधले, घरांच्या दुरुस्त्या केल्या, डासांच्या जाळ्या बसवल्या, पुढे लोकांनी स्वतःची शेती सहकारी संस्था काढली. केंद्र आजही चालू आहे.

आणि आता शेवटचं_वर्ष ताईसाठी : हे गायगर स्वतः विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेत सिडनी आणि एमिली कार्क या जोडप्याकडे काम बघून आले होते, तिथे त्यांनी हा प्रकार पाहिला. तेव्हा शिकाऊ पोरांनी वस्तीत जाणं फुकट जातं असं म्हणू नका कोणी.

सरळ_हिशोब
ताई, त्याला केंद्र सरकारचा पैसा होता, गरिबीविरोधी कार्यक्रमातला, आणि वर्षानुवर्षं होता. इथे काय असतं, एक सेमिस्टर आणि नाश्त्याचं बजेट. ते उदाहरण इथे लावू नका.

बरं आणि एक गंमत, एकीकडे घरांच्या प्रश्नावर परिसंवाद घेणारं विद्यापीठ दुसरीकडे शेजारची जमीन घेत असतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीजवळच्या सार्वजनिक बागेत जिम बांधायला घेतली, त्यात वस्तीवाल्यांना वेगळं, खालच्या बाजूचं दार. १९६८ मध्ये त्यावरून पोरांनी इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा कुठे ती रद्द झाली. विद्यार्थ्यांनी वस्तीसाठी केलेलं ते काम मला सर्व्हेपेक्षा जास्त आवडतं, स्पष्टच सांगतो :)

तळमजला
इतका वेळ वाचत होते. मी वस्तीत राहणारी बाई आहे आणि मला ओली_भिंत भाऊंचं म्हणणं पटत नाही.

‘वस्तीच्या हातात द्या’ म्हणजे नक्की कोणाच्या? आमच्याकडे समिती आहे, त्यात पाच पुरुष, त्यातल्या दोघांच्या स्वतःच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. विद्यापीठाने पैसे आणि कागद त्यांच्याकडे दिले की झालं, पहिली दुरुस्ती त्यांच्याच खोलीची. आणि डेटा? कोणाच्या घरात गळतं, कोणी घरमालकाविरुद्ध बोललं, कोणाच्या पोराला दमा आहे, कोणाला टीबी झालेला, ही यादी समितीच्या कपाटात गेली तर पुढच्या महिन्यात कोणाला खोली खाली करायला सांगतील ते मी आत्ता सांगते. ती मुलगी बाहेरची होती म्हणूनच मी तिच्याशी बोलले. दार लावून बोलले. संडास लांब आहे म्हणून रात्री पाणी पीत नाही, त्याने लघवीची जळजळ होते, हे मी समितीच्या मीटिंगमधे उभं राहून सांगणार आहे का?

बाहेरचा माणूस कधीकधी कामाचा असतो भाऊ. तो उद्या निघून जाणार हाच त्याचा फायदा.

ओली_भिंत
ताई हा मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण बाहेरचा माणूस कागद घेऊन निघून जातो तेव्हा पुढे काय होतं तेही बघा. हवासुपाई नावाची अमेरिकेतली आदिवासी जमात, त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना १९९० पासून रक्त दिलं. ते रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं, लोकांना पत्ताच नाही. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत. तर समितीवर विश्वास नाही हे मान्य, पण म्हणून विद्यापीठावर आंधळा का ठेवायचा?

तळमजला
आंधळा कोण म्हणालं. नावं त्यांच्याकडे कुलपात, आणि कशासाठी वापरणार ते बदललं तर परत येऊन विचारायचं, प्रत्येक घराला, समितीला नाही. आणि पैसे दुरुस्तीचे असतील तर घरमालकाकडून आधी लिहून घ्या की भिंत सुधारली म्हणून भाडं वाढवणार नाही. हे कोणीच करत नाही. खोली चांगली झाली की आम्ही बाहेर, आणि तुमच्या अभ्यासात मात्र ‘घर सुधारलं’.

खडू_फळा
भाडं न वाढवण्याचं हे मी आमच्या पुढच्या प्रस्तावात घालणार, तुमची हरकत नसेल तर.

नावांबद्दल एक अडचण सांगते, नाव काढलं तरी छोट्या गल्लीत ‘दमा असलेलं मूल, तळमजला, एकटी आई’ एवढ्यावर सगळ्यांना घर कळतं. त्यामुळे गल्लीवार तक्ते छापायचे नाहीत, मोठ्या भागाचेच छापायचे, मग वस्तीवाले म्हणतात आमच्या गल्लीचं काय निघालं ते सांगाच. दोन्ही एकदम होत नाही.

आणि ओली_भिंत, प्रश्न तुम्हाला विचारून का बनवत नाही याचं खरं कारण गर्व नाही, पैशाची रीत आहे. ग्रँट मागताना प्रश्न, पद्धत, किती घरं, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहायच्या आधी वस्तीत येऊन महिनाभर बसायला कोणी पैसा देत नाही. जे बसतात ते स्वतःच्या सुट्ट्या घालवून.

ओली_भिंत
मग ते पैसे देणाऱ्यांना सांगा ना मॅडम, आम्हाला कशाला. तुमचं ऐकतील, आमचा फोन कोण उचलतो तिथे.

शेवटचं_वर्ष
आमच्या बॅचची पुढची प्रश्नावली अजून कमिटीकडे गेलेली नाही, पुढच्या महिन्यात जाईल. सर तयार आहेत, आधी चार-पाच भाडेकरूंसमोर वाचून दाखवायची. तळमजला ताई, तुमच्यासारख्या बायकांना कधी आणि कुठे बोलवायचं?

तळमजला
बोलवू नका, तुम्हीच या. दुपारी, पुरुष कामावर असतात तेव्हा. समितीच्या ऑफिसात नको, आणि फोटो काढणारा बरोबर आणू नका. खिडकीचा प्रश्न ठेवा पण आधी विचारा, उघडते का.