व्याज शून्यावर नेलं तरी धंदा का उठला नाही? २००८ नंतरचं कोडं

मच्छेचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, मी बीकॉम फायनलला आहे, बेळगावातच. अप्पांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांकडून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येतं आणि आम्ही मशीनिंग करून देतो. अप्पा अजून सांगतात, २००८ च्या दिवाळीनंतर कास्टिंगची गाडीच यायची बंद झाली, पोरं लेथजवळ चहा पीत बसायची. आता सेमिनारला मला हाच विषय आलाय. अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ ला, डिसेंबरात अमेरिकेच्या फेडने (म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने) व्याजदर शून्याजवळ नेला, नोटा छापल्या, एप्रिल २००९ ला लंडनमध्ये जी-२० वाल्यांनी १.१ लाख कोटी डॉलरचं पॅकेज काढलं. एवढं करून युरोप-अमेरिका पुढं कितीतरी वर्षं रखडतच का चालले? आणि आपल्याकडे उलटं, आधी झटकन उठलं मग २०१२-१३ ला बसलं, ते का? पुस्तक वाचून डोक्यात शिरेना झालंय.

रिटायर्ड_बँकवाला:
बाळा, पैसा स्वस्त करणं त्यांच्या हातात होतं, पण कर्ज मागायला माणूस यायला पाहिजे की. अमेरिकेत घरांच्या किमती पडल्या, घर विकलं तरी कर्ज फिटेना अशी लाखो लोकांची गत. असला माणूस व्याज उतरलं म्हणून नवी गाडी काढतोय होय? तो आधी जुनं फेडणार. बँकांचेही हात पोळलेले, त्यामुळे फेडने छापलेल्यातला बराचसा पैसा त्यांनी परत फेडकडेच ठेवून सोडला. फेडचा ताळेबंद २००८ ला ९० हजार कोटी डॉलरच्या आसपास होता तो २०१४ पर्यंत साडेचार लाख कोटींवर गेला. शेअर बाजार वर गेला, गल्लीत पैसा फिरला नाही.

निपाणीची_टीचर:
काकांचं बरोबर आहे पण माझ्या मते खरी माती २०१० ला खाल्ली. मे महिन्यात ग्रीसला ११० अब्ज युरोची मदत द्यावी लागली आणि सगळे घाबरले, जूनमध्ये टोरंटोला श्रीमंत देशांनी ठरवलं की २०१३ पर्यंत तूट निम्मी करायची. म्हणजे घरं खर्च करेनात, कारखाने करेनात आणि त्यातच सरकारनेही मूठ आवळली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच ब्लँचर्ड आणि ली या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०१३ ला लिहून दिलं की खर्चकपातीने वाढ किती मार खाते याचा अंदाज आपल्याकडून कमी धरला गेला. तोवर माणसं बेकार होऊन बसली होती.

रिटायर्ड_बँकवाला:
मॅडम, जर्मनीने मूठ आवळली ते चूक, मान्य. पण ग्रीसने काय करायचं होतं? उधार देणारा कोण उरला होता?

निपाणीची_टीचर:
म्हणून तर म्हणते, ज्यांना परवडत होतं त्यांनी खर्च करायचा होता.

हीट_नंबर_चार:
मी फाउंड्रीवाला, माझं पण ऐका. आमची फर्नेस आठवड्याला सहा दिवस चालायची ती दोन दिवसांवर आली, जर्मनीच्या पार्टीचे (गिऱ्हाइकाचे) पॅटर्न म्हणजे साच्याचे नमुने रॅकवर धूळ खात पडले, मोल्डर म्हणजे साचे भरणाऱ्या लोकांना अर्ध्या पगारावर बसवून ठेवलं कारण गेलेला मोल्डर परत मिळत नाही. सरकारने डिसेंबरात एक्साइज (कारखान्यातल्या मालावरचा कर) १४ टक्क्यांवरून १० केलं, फेब्रुवारीत ८, पण दीड कोटीच्या आतल्या उलाढालीच्या लहान युनिटला एक्साइज लागतच नव्हतं, त्यांना काय घंटा फायदा! फायदा झाला तो गाड्या खपल्या म्हणून. त्यात चीनने ४ लाख कोटी युआन ओतले, बळ्ळारीची लोखंडाची माती सोन्याच्या भावाने तिकडे चालली आणि आमचं पिग आयर्न (ओतायचं कच्चं लोखंड) महागलं, वर २०११ ला सुप्रीम कोर्टाने तिथलं खाणकामच थांबवलं. २०१० ला स्वस्त व्याज बघून आम्ही नवीन फर्नेस घेतली, तर रिझर्व्ह बँकेने महागाईपायी मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ तेरा वेळा रेपो (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) वाढवला, पावणेपाच टक्क्यांवरून साडेआठ. हप्ता भरता भरता तोंडाला फेस.

मच्छेचा_पोरगा:
अप्पांनी पण २०१० लाच व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) कर्जावर घेतलेलं! आता कळलं घरात भांडणं का व्हायची ते 😅 म्हणजे तिकडे कर्ज घ्यायला कोण नव्हतं आणि इकडे सगळ्यांनी एकदमच घेतलं?

रिटायर्ड_बँकवाला:
असंच धर. आणि मोठ्यांनी जास्त घेतलं, वीज, रस्ते, स्टील. आम्हाला वरून सांगायचे द्या द्या, मुदत वाढवून जुनं नवं करून द्या. ते कागदावर चांगलं दिसायचं. २०१५ ला रघुराम राजन गव्हर्नर असताना खाती उघडून बघितली तेव्हा वास सुटला, २०१८ पर्यंत थकीत कर्ज शंभरातलं अकराच्या वर.

खानापूर_एक्सप्रेस:
मधेच बोलतो, मे २०१३ ला फेडचे तेव्हाचे प्रमुख बर्नांके नुसतं बोलले की नोटा छापणं हळूहळू कमी करू, आणि ऑगस्टात डॉलर ६८ वर. तेव्हा एक्सपोर्टवाल्यांची चांदी झाली असेल न्हवं?

हीट_नंबर_चार:
कसली चांदी मर्दा. आठवड्याच्या आत जर्मनीचा मेल, रुपया पडलाय तेव्हा रेट कमी करा. केला. पुढं रुपया सावरला तेव्हा रेट वाढवा म्हटलं तर उत्तरच नाही.

मच्छेचा_पोरगा:
काका हे सेमिनारला घालतो. तुमचं नाव लिहू काय?

हीट_नंबर_चार:
नको रे. पार्टी अजून तीच आहे.