मुलीला वडिलांकडे सोपवताना दारात भांडण होतं, काय करावं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
मुलगी पहिलीत आहे, ताबा माझ्याकडे. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ती साताऱ्याला पप्पांकडे जाते. ते न्यायला आले की माझी आई पोटगीचं काढते, तेही आवाज चढवतात, शेजारी गॅलरीत येतात. शुक्रवारी रात्रीच पोरीचं पोट दुखायला लागतं. भेट बंद करायची नाही मला, तिला पप्पा हवेत. हे दारातलं तेवढं थांबवायचंय.

उत्तर (सातारा)
ताई, मी न्यायला येणारा बाप आहे. आधी दार सोडा. शनिवारी शाळा सकाळची असते, मी मुलाला शाळेतूनच घेतो. हुकमाची झेरॉक्स, माझा फोटो आणि त्याच्या आईची लेखी संमती शाळेत दिलेली आहे. आमची दोघांची गाठच पडत नाही. रविवारी संध्याकाळी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आणून सोडतो, दोघांनाही ते मध्ये पडतं. त्या वेळी फक्त औषध, ताप, गृहपाठ एवढंच बोलायचं. पैशाचं आणि तारखांचं मेसेजवर, तेही पोरगं झोपल्यावर. उशीर होणार असेल तर निघतानाच कळवायचं, कारण वाट बघण्यातच माणूस तापतो.

आणखी एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: परत आल्यावर "तिकडे कोण आलं होतं, काय म्हणाले" असं अजिबात विचारू नका. आजीलाही विचारू देऊ नका. पोरं दोन्हीकडची उत्तरं जुळवत बसतात हो, त्यानंच पोट दुखतं.

उत्तर (वकील, सांगली)
जागा-वेळ बदलायची तर तोंडी ठरवू नका. दोघांच्या सह्यांची पुरसीस (दोघांना हे मान्य आहे असं लेखी निवेदन) त्याच कोर्टात द्या. ते तयार नसतील तर हुकमात बदलासाठी अर्ज करता येतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही कोर्ट मुलाचं हित बघतं. परस्पर भेट मात्र अडवू नका, ते तुमच्यावरच उलटेल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्नाची अट नाही. मारहाणीची भीती असेल तर गोष्ट वेगळी: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, तातडीला ११२.

प्रश्नकर्ती
मारहाण नाही, नुसता आवाज. शाळेतून न्यायचं मी आजच त्यांना मेसेजवर विचारते. आईशी मात्र समोर बसून बोलावं लागेल.