१९७१ ची एमजीबी रोडस्टर : आधी इंजिन की आधी सिल?

रोडस्टर७१ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे ब्रिटनमध्ये राहतो आणि जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची मला मनापासून आवड आहे. मागच्या महिन्यात मी १९७१ ची एमजीबी रोडस्टर विकत घेतली. आधीच्या मालकांच्या गॅरेजमध्ये ती नऊ वर्षे उभी होती. चौथा गिअर टाकून गाडी ढकलली की इंजिन फिरते, म्हणजे पिस्टन अडकलेले नाहीत. क्रोम बरे आहे, कापडी छत मात्र फाटले आहे. दोन्ही दारांखालच्या सिलवर रंगाला फोड आले आहेत. चालकाच्या बाजूचे दार किंचित उचलल्याशिवाय लागत नाही, आणि त्याच्या मागच्या कडेची फट वर अरुंद व खाली रुंद दिसते.

या हिवाळ्यात गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत खोलावी, इंजिन पूर्ण नवे करून घ्यावे आणि मग पत्राकाम व रंग करावा, असा माझा बेत आहे. एका मित्राचे म्हणणे असे की आहे त्या स्थितीत आधी इंजिन सुरू करून पाहावे. वेल्डिंगचा एक सायंवर्ग मी पूर्ण केला आहे आणि पातळ पत्र्याला प्लग वेल्ड (वरच्या पत्र्याच्या भोकातून खालच्या पत्र्याला मारायचा वेल्ड) मारता येतो. कामाचा क्रम काय ठेवावा, आणि फक्त बाहेरचे सिल बदलून भागेल का, या दोन गोष्टींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पत्राकाम

रोडस्टर७१, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच ठरते.

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी (बॉडीखालचा वेगळा सांगाडा) होती. १९६२ साली आलेल्या एमजीबीला ती नाही. ट्रायम्फ टीआर६ सारख्या गाडीत बॉडी गंजली तरी खाली चासी भार सांभाळत असते. एमजीबीत बॉडी हाच सांगाडा आहे, आणि रोडस्टरला वर पोलादी छत नसल्यामुळे पुढचा व मागचा भाग जोडून धरण्याचे बहुतेक काम दोन सिल करतात. सिल म्हणजे दाराखाली दिसणारी पट्टी नव्हे. ती एक लांब पोकळ पेटी आहे: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंच्या मध्ये उभा पडदा, आणि तळाशी कॅसल रेल, जिचा छेद पाहिला तर किल्ल्याच्या तटावरील चर्यांची आठवण येते. पुढच्या चाकामागे उडालेला चिखल मडगार्डच्या आत साचतो, ओल धरून ठेवतो आणि ही पेटी आतून खात जातो. रंगाला बाहेर फोड दिसू लागतात तोवर आतल्या पडद्याची आणि कॅसल रेलची अवस्था बहुधा त्याहून वाईट झालेली असते. म्हणून फक्त बाहेरचे सिल बदलणे मी दुरुस्ती मानत नाही. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून कडेने वेल्ड मारलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत. आत हात घातला की गंजाचा भुगा ओंजळीत येतो.

आता दार. ते उचलून लावावे लागते याची कारणे दोन असू शकतात, आणि दोन्हींत मागची फट वरच्या बाजूलाच आवळते. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरीत खेळ असेल तर तो हाताला कळतो. खेळ नसेल तर बॉडी मधोमध बसली आहे असे समजून पुढची तपासणी करा: गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर असताना फट वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा, मग सिलच्या मधल्या जॅकच्या जागी आधार देऊन गाडी थोडी उचला आणि पुन्हा मोजा. निरोगी गाडीत आकडे जवळजवळ बदलत नाहीत. जॅकची जागाच आत दबली तर मोजण्याची गरजच उरत नाही. याच फेरीत मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे पुढचे हँगर (स्प्रिंग जिथे बॉडीला अडकते त्या जागा), बॅटरीचे खण आणि पायाखालचा फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून फिरवले की पुट्टी कुठे भरली आहे तेही समजते.

सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आधार बांधणे सक्तीचे समजा. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत दोन आडव्या नळ्या, आणि त्यांची लांबी फिरवून कमी-जास्त करता येईल अशी सोय. ही सोय का हवी ते सांगतो. तुमची बॉडी आधीच बसलेली असेल आणि आहे त्याच स्थितीत तुम्ही नळ्या ठोकून नवे सिल वेल्ड केलेत, तर वाकलेला आकार कायमचा पक्का होईल. आधी मधोमध आधार देऊन दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी करून घ्यावी, मग नळ्या बांधाव्यात आणि त्यानंतरच पत्रा कापावा. एका वेळी एकच बाजू उघडावी. पुढचे मडगार्ड बोल्टवर आहे, ते उतरते. मागच्या मडगार्डचा खालचा भाग मात्र कापावा लागतो, कारण सिल त्याच्या आत शिरते. दार आणि मडगार्ड दर टप्प्याला पुन्हा लावून फटी मोजाव्यात. तुमच्याकडे असलेले सर्वांत भरवशाचे माप तेच आहे.

आणि म्हणूनच गाडी आताच पूर्ण खोलू नका. खोललेल्या सांगाड्यावर फटी मोजायला दारे नसतात, आणि सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला हेही आठवत नाही.

वंगण

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी इंजिन जागे करून पाहावे, असे तुमच्या मित्राप्रमाणे माझेही मत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरला जोडलेला जादा गिअर) असल्यास तो कसा आहे हे आताच कळले, तर खर्च आणि वेळ यांचा अंदाज खरा निघेल. एमजीबीचा क्लच बदलायचा झाला तरी इंजिन बाहेर काढावे लागते. हे काम नव्या रंगावर करण्यापेक्षा जुन्या रंगावर केलेले बरे.

घाई मात्र नको. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. ऑइल व फिल्टर बदला. या इंजिनाला २०डब्ल्यू५० ऑइल मानवते, आणि त्यात झिंकचे पुरेसे प्रमाण असावे, कारण जुन्या घडणीचे टॅपेट कॅमवर घासत चालतात. जुने पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवा आणि ऑइलचा दाब काट्यावर दिसू लागेपर्यंत प्लग लावू नका. गाडी गरम होऊन धावत असताना दाब ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच आणि संथ चालीत १० ते २५ पौंड मिळाला, तर इंजिन उघडण्याचे कारण मला तरी दिसत नाही. चांगले चालणारे १७९८ सीसीचे इंजिन केवळ हौसेने खोलणे मला पटत नाही.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून चिरतात. नळ्या नव्या जातीच्या घालाव्यात आणि ५ टक्क्यांचे सुपर पेट्रोल वापरावे. मूळ सिलिंडर हेड शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेले आहे. कधी हेड उतरलेच तर एग्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्याव्यात, पण तेवढ्यासाठी मुद्दाम उतरवू नये.

हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरला लोक उगाच घाबरतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या गाडीवर असे दोन असतात. प्रत्येकात एकच जेट आणि एकच निमुळती सुई असते. इंजिन जास्त हवा ओढू लागले की कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि तेवढ्याच प्रमाणात जास्त पेट्रोल येते. या पिस्टनच्या वरच्या पोकळ दांड्यातले ऑइल पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच मिश्रण क्षणभर दाट होते. ते ऑइल आटले असेल तर गाडी अडखळते आणि मालक सुया बदलत बसतो. जुळवणी करताना क्रम पाळावा: व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, त्यानंतर प्लग, पॉइंट आणि टायमिंग, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. दोन्ही कार्ब्युरेटरांतला हवेचा आवाज कानाला नळी लावून सारखा करावा. मग एकेकाचा पिस्टन बाजूच्या पिनने अगदी किंचित, सुमारे १/३२ इंच, उचलून पाहावा. इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट आहे; गती पडली तर पातळ आहे; क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर आहे. एवढे करूनही संथ चाल स्थिर होत नसेल तर थ्रॉटलचा दांडा हातात धरून हलवून पाहा. तो झिजला असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते, आणि त्यावर स्क्रू फिरवण्याचा उपाय चालत नाही.

ब्रेकविषयी तडजोड नको. नऊ वर्षांत ब्रेक ऑइलने पाणी शोषलेले असते. लवचिक नळ्या, चाकांचे सिलिंडर आणि ऑइल बदलल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर चालवू नका.

रोडस्टर७१

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी तपासणी केली. बिजागरीत खेळ नाही. चालकाच्या बाजूची फट चाकांवर असताना वर ३ मिलिमीटर आणि खाली ७ मिलिमीटर भरली. जॅकवर किंचित उचलताच वर ५ झाली. पुढचे मडगार्ड उतरवल्यावर आत दोन मुठी वाळलेला चिखल निघाला आणि सिलच्या पुढच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. दुसऱ्या बाजूचे आकडे बदलले नाहीत.

दुसरीकडे, इंजिन रविवारी सुरू झाले. गरम झाल्यावर संथ चालीत दाब २० पौंड मिळाला. तो आवाज ऐकताना मला किती आनंद झाला हे लिहून सांगता येणार नाही. डाव्या बाजूचे दिवे आणि इंडिकेटर मात्र अंधूक लागतात. पूर्ण वायरिंग नवी घालावी का? आणि नव्या बॉडीशेलचा (पत्र्याच्या नव्या सांगाड्याचा) विचार करावा का?

तांबडी-निळी तार

वायरिंगचे उत्तर मी देतो. पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) इतक्यात काढू नका. या गाड्यांच्या तारांचे रंग शिस्तीने ठरलेले आहेत: तपकिरी तार बॅटरीकडून थेट, जांभळी फ्यूजमधून कायम चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनच्या फ्यूजनंतरची, तांबडी साइड दिव्यांची, निळी हेडलाइटची, आणि काळी अर्थची, म्हणजे बॉडीकडे परत जाणारी. हे एकदा लक्षात बसले की दोष शोधणे नकाशा वाचण्यासारखे होते. दिवे अंधूक लागण्याचे कारण बहुतेक वेळा काळ्या तारेत किंवा बुलेट कनेक्टरमध्ये (तारा जोडणाऱ्या गोल टोकाच्या सांध्यात) असते. दिव्याच्या होल्डरपासून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा. दिवा चालू असताना अर्थच्या बाजूला अर्धा व्होल्टही दिसत असेल तर तो सांधा उघडून पितळ चकचकीत करा. इन्सुलेशन कडक होऊन तडकलेले असेल, किंवा आधीच्या कुणी मधेच तारा कापून चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तेव्हाच नवा हार्नेस घ्यावा.

सीटमागे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतील, तर त्यांना जोडणारी केबलही तपासा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवून ठेवा आणि टाकी गाडीवरून उतरवा. एक सूचना कळकळीने करतो: चालू असलेला जुना रोटर आर्म आणि कंडेन्सर हे इग्निशनचे भाग फेकू नका. नव्या सुट्या भागांचा दर्जा सारखा नसतो, आणि बंद पडलेली गाडी जुना भाग परत बसवताच सुरू झाल्याचे मी एकाहून अधिक वेळा अनुभवले आहे.

पत्राकाम

तुमचे आकडे स्पष्ट आहेत. चालकाची बाजू बसली आहे; दुसरी अजून भार धरून आहे, म्हणून तिला तूर्त हात लावू नका आणि पहिली पूर्ण करताना तिचाच संदर्भ घ्या.

ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवी बॉडीशेल बनवते, आणि फ्लोअर, स्प्रिंगचे हँगर, दोन्ही सिल व चाकांवरच्या आतल्या कमानी एकदम गेल्या असतील तर तो मार्ग योग्यच आहे. तुमच्या गाडीची ती वेळ आलेली नाही. शिवाय ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला २० मे २०१८ पासून एमओटी या वार्षिक वाहन तपासणीतून सूट आहे; मात्र मागच्या तीस वर्षांत बॉडी, ॲक्सल किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर ती मिळत नाही, आणि गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी सूट असली तरी मालकाचीच राहते. माझा आग्रह असा की सूट असली तरी वेल्डिंगनंतर स्वेच्छेने तपासणी करून घ्या. आपण मारलेला वेल्ड दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेला बरा. मूळ रंग आणि उत्पादनाची तारीख हवी असेल तर गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवता येते. रंग ठरवण्यापूर्वी ते हातात असावे.

नळ्या बांधताना वरची फट ५ मिलिमीटर झाली म्हणून थांबू नका. वर आणि खाली सारखा आकडा येईपर्यंत मधला आधार हळूहळू वाढवा, रात्रभर तसेच ठेवा, आणि सकाळी पुन्हा मोजूनच पहिला वेल्ड कापा. नवा पत्रा बसवताना सांध्यांच्या आत झिंक प्रायमर लावा, तळाची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवा, आणि पोकळीत मेण रंगानंतरच सोडा, नाहीतर वेल्डच्या उष्णतेने ते जळून जाईल. पहिली बाजू झाली की मोजमापे इथे लिहा. दुसरी उघडायची की नाही ते पाहून ठरवू.