‘जिणं आमुचं’ वाचताना मी नेमकी कुठल्या बाजूला?

वाळवेकरीण:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. सांगलीत आमचा आठदहा बायकांचा वाचनकट्टा आहे, महिन्यातनं एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे आणि एक पुस्तक. यावेळी बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ हे दलित बाईचं आत्मकथन घेतलं. त्यात सरपणाची मोळी विकायला गेलेल्या महार बायांना वरच्या जातीच्या घरातली बाई बजावते की लाकडाला केस, दोरा काही चिकटलेलं नाही ना ते नीट बघ, नाहीतर घर बाटंल. तिथं मी पुस्तक मिटलंच. कारण मला माझी आजी दिसली. आमचं घर वाळवा तालुक्यातलं, उसाचं बागायत. आजी मायाळू होती हो, पण रानात कामाला येणाऱ्या बायकांचे कप वेगळे, कान तुटलेले, गोठ्याच्या वळचणीला खोचलेले. मी ते रोज बघायची आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. आणि हीच आजी घरातल्या पुरुषांची जेवणं झाल्याशिवाय ताट घ्यायची नाही, तिच्या नावावर अर्धा गुंठापण नव्हता. कट्ट्यावर सगळ्या म्हणाल्या, ‘बायकांचं दुःख सगळीकडं सारखंच गं’. मला ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. तर जात, गरिबी आणि बाईपण हे सगळं एकदम दिसंल असं काय वाचू? आणि काळ्या-गोऱ्यांचं परदेशी साहित्य आपल्याला लागू होतं का, की उगं ओढूनताणून?

कराडचा मास्तर (निवृत्त):
ताई, आधी घरचं घ्या. अण्णाभाऊ साठे तुमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, १९२० चा जन्म. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचलीय का? वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला जातो, खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडते. मग हा गडी रात्री मसणवट्यात जाऊन मढी उकरून सोनं शोधायला लागतो, आणि त्यातच हाताची बोटं गमावून बसतो. बोटं गेल्यावर कळतं की खाण परत सुरू झाली. मी वर्गात ही कथा वाचून दाखवायचो तेव्हा पोरं एकदम गप्प व्हायची. त्यात ‘गरिबी वाईट असते’ असं एक वाक्य नाही. काम गेलं की अंगातल्या ताकदीचं काय होतं एवढंच आहे. पण खरं सांगायचं तर भीमाच्या बायकोबद्दल मी तीस वर्षांत एकदाही पोरांना प्रश्न विचारला नाही.

आणि परदेशाचं म्हणाल तर ते ओढूनताणून कसं? जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ चं. त्यांनी ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलंय. फुल्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. म्हणजे हा धागा आपल्याकडं दीडशे वर्षांपूर्वीच जोडलाय.

पैलवान मिरज:
राग मानू नका पण आजकाल प्रत्येक पुस्तकात जात हुडकायची सवय लागलीय लोकांना. अण्णाभाऊंच्या कादंबरीतला फकिरा मी तालमीत असताना वाचला, अंगावर काटा आला, जातबीत डोक्यात पण आली नाही, गोष्ट म्हणून वाचायचं की.

कराडचा मास्तर (निवृत्त):
पैलवान, फकिरा दुष्काळात धान्य का लुटतो? गावात दाणा होता पण मांगवाड्यात नव्हता म्हणून. आणि मांगांना द्यायला लागायची ती सरकारी हजेरी आठवा. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ ला केला, काही जातीत जन्मलं की माणूस चोर धरला जायचा. ते काढून टाकलं तर फकिरा नुसता घोड्यावरचा मर्दगडी उरतो. तुम्हाला काटा आला तो कशानं आला ते एकदा बघा.

फलटणची:
मी फलटणची म्हणून राहवत नाही. बेबीताईंचं इथं छोटं दुकान होतं, तिथं बसून त्यांनी हे लिहिलं आणि घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. ‘स्त्री’ मासिकात १९८२ ला आलं, पुस्तक १९८६ चं. म्हणजे वरच्या जातींनी काय केलं हे लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्यापासून वह्या लपवायला लागत होत्या! आणि त्या आपल्या माणसांनापण सोडत नाहीत, सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालायचे ते सगळं आलंय. तुमच्या कट्ट्यावरच्या बायकांना सांगा, आजीला उशिरा ताट मिळायचं हे खरं, पण मोळीवालीला ताटच नव्हतं, आणि वर तिच्या पायात खोडा. सारखं कुठनं?

‘उपरा’ पण घ्या. लक्ष्मण माने आमच्या निरगुडीचे, १९८० चं पुस्तक, साहित्य अकादमी मिळालेलं. टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाड्याच्या घरातलं.

नांद्रेकर:
मास्तरांच्या मुद्द्याला जोडून, दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना १९७२ ची, नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरनं, आणि त्यातले राजा ढाले आमच्या नांद्र्याचे. कॉलर ताठ करायची आमची एक संधी, सोडतोय व्हय.

अमेरिकेतली काळी लेखिका टोनी मॉरिसन, तिची ‘द ब्लूएस्ट आय’ ही कादंबरी १९७० ची, जमली तर वाचा ताई. पेकोला नावाची काळी पोरगी, तिला निळे डोळे पायजेत, म्हणजे लोक आपल्याशी नीट वागतील असं तिला वाटतं. मला हे परकं वाटलंच नाही, कारण माझ्या बहिणीच्या बायोडेटात ‘रंग : निमगोरा’ लिहायचं का ‘गहूवर्णी’ यावर आमच्यात दोन दिवस भांडण चाललं होतं. ती तिथंच बसली होती, भाजी निवडत. फरक आहेच, तिथं कातडी लांबनं दिसते, इथं आडनाव विचारायला लागतं.

वाळवेकरीण:
खूप आभार सगळ्यांचे. एक गोष्ट मात्र आता डोक्यातनं जाईना. आमच्या रानात दर हंगामाला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेताना तिचं वेगळं नाव कुठं येत नाही. ती पहाटे चारला उठून भाकरी थापते, मग फडात मोळ्या बांधते. मोळीच की ती पण. आजीचे कप गेले, पण त्या बायकांना पाणी द्यायचा आमच्याकडं तांब्या कुठला आहे ते मी आज जाऊन बघितलं.

फलटणची:
मग?

वाळवेकरीण:
प्लास्टिकचा जग आहे. मोटारीपाशी ठेवलेला. घरात येत नाही तो.

पैलवान मिरज:
उपरा सांगलीत कुठं मिळंल ओ?